चौथीच्या वर्गातला बर्गरचा पाठ



यावेळी बर्गरवर लिहिते आहे. हसू नका. परिसर अभ्यासातला आहाराचा पाठ घेताना माझी एक चूक झाली. ती निस्तरताना मला बराच अभ्यास करावा लागला आणि वर्गाला एक चांगला प्रयोग मिळाला. तो तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर सांगते.

पाठ आपण सगळे घेतो तसाच घेत होते. फळ्यावर दोन रकाने, एकीकडे चांगलं अन्न आणि दुसरीकडे जंक फूड. मुलं नावं सांगत होती, मी लिहीत होते. भाकरी, वरण, पालेभाजी इकडे. वेफर्स, पिझ्झा, बर्गर तिकडे. वडापाव कुठे लिहायचा यावरून थोडी भांडणं झाली, कारण आमच्या भोसरीत वडापावाला नावं ठेवणं म्हणजे घरच्या माणसाला नावं ठेवण्यासारखं आहे. तेवढ्यात एका मुलाने विचारलं, "मॅडम, जंक म्हणजे काय?" मी फळ्याकडे तोंड ठेवूनच उत्तर दिलं, "कचरा." आणि पुढे गेले.

मधल्या सुट्टीत तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने डबा उघडलाच नाही. मी विचारलं तर म्हणाली, भूक नाही. शेजारच्या मैत्रिणीने लगेच सांगून टाकलं, "मॅडम, तिच्या डब्यात बर्गर आहे. त्यांची गाडी आहे ना!"

मला तेव्हा आठवलं. शाळेच्या भिंतीलगत दुपारपासून जी बर्गर-सँडविचची गाडी लागते, ती तिच्या पप्पांची. ते आधी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला होते. कंत्राट संपलं, पुढे बोलावणं आलं नाही, तेव्हा त्यांनी हातगाडी घेतली. आपल्याकडे अशी किती घरं आहेत हे एमआयडीसीच्या आसपास शिकवणाऱ्या शिक्षकांना सांगायला नको. आणि खरं सांगायचं तर त्याच्या आदल्याच आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत "शाळेजवळच्या गाड्या हटवा" हा विषय झाला होता. इतिवृत्त मी लिहिलं होतं आणि अर्जाचा मसुदाही माझ्याच अक्षरात होता. लिहिताना गाड्यांमागच्या माणसांचा विचार मनात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर ती मुलगी टेबलाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, आमचे पप्पा टिक्की तळत नाहीत. तव्यावर भाजतात. तरी पण कचराच का?"

तुमच्यापैकी किती जणांना याचं उत्तर तिथल्या तिथे देता आलं असतं? मला आलं नाही. "सांगते," म्हटलं. तिचा प्रश्न चौथीतल्या मुलीचा असला तरी अगदी नेमका होता. बर्गर चांगला की वाईट हे तिने विचारलंच नव्हतं. पदार्थ एकच, पण शिजवायची रीत वेगळी, मग फरक पडतो की नाही, हे तिला हवं होतं. मी फळ्यावर पदार्थांची नावं लिहिली होती, रीत कुठेच नव्हती.

मग मी वाचायला बसले.

मूळचा बर्गर हा तव्याचाच पदार्थ आहे. अमेरिकेत कॅन्सास राज्यातल्या विचिटा गावी १९२१ मध्ये व्हाइट कॅसल नावाचं दुकान निघालं. हॅम्बर्गर विकणारी ही पहिली मोठी साखळी. ते तापलेल्या लोखंडावर कांदा पसरत आणि त्यावर गोमांसाच्या खिम्याची पातळ चौकोनी चकती ठेवत. चकती कांद्याच्या वाफेवरच शिजे. पुढे त्यांनी चकतीला पाच भोकं पाडली. वाफ भोकांतून वर येते, त्यामुळे चकती उलटावीही लागत नाही. (आपण मेदूवड्याला भोक पाडतो त्याचंही कारण हेच ना, मध्यभाग कच्चा राहू नये.) नंतर १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोला मॅकडोनल्ड बंधूंनी आपल्या हॉटेलातले बाकीचे बहुतेक पदार्थ काढून टाकले, थोडेच ठेवले, आणि बर्गर कारखान्यातल्या लाइनसारखा बनवायला सुरुवात केली. एक जण भाजणार, एक जण पावाला लावणार, एक जण गुंडाळणार. किंमत १५ सेंट. हे वाचताना मला आपल्या पालकांची आठवण झाली. असेंब्ली लाइन कशी चालते हे आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी मला समजावून सांगावं लागणार नाही.

तिसरी रीत जाळाची. १९५४ मध्ये मायामीत सुरू झालेल्या बर्गर किंगने चकती तव्यावर न टाकता साखळीच्या पट्ट्यावरून जाळातून फिरवायची पद्धत धरली. तव्यावर चकतीचा सगळा खालचा भाग लोखंडाला टेकतो, म्हणून सगळीकडे सारखा खरपूस थर येतो. जाळावर चरबी वितळून खाली ठिबकते, तिचा धूर उठतो आणि तोच वास चकतीला लागतो. आपण वांगं गॅसवर भाजतो आणि तेच वांगं तव्यावर परततो, चवीत जो फरक पडतो तोच हा.

इथे एक गंमत. आमच्या मुलांना बर्गर किंग म्हटलं की मॉलमधलं दुकान आठवतं. ती अमेरिकी कंपनी भारतात आली २०१४ मध्ये. पण पुण्यात कॅम्पात याच नावाचं एक दुकान १९९२ पासून चालू होतं. नावावरून कंपनीने २०११ मध्ये दावा लावला, तो पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळला, आणि त्यानंतर प्रकरण वरच्या न्यायालयांत गेलं. नावाचा वाद इतकी वर्षं चालतो, पण आत काय आणि कसं शिजतं याची चर्चा मात्र कुणी करत नाही.

आता आपल्याकडे काय झालं ते पाहा. मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. मॅकडोनल्ड्स ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्ली आणि मुंबईत आलं, ते गोमांस आणि डुकराचं मांस वगळून. इथे त्यांचा सगळ्यात ओळखीचा झाला तो बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर. आणि टिक्की आली तशी शिजवायची रीतही बदलली. खिम्याच्या चकतीत स्वतःची चरबी असते, साधारण पाचवा हिस्सा. तवा तापला की ती वितळते आणि चकती स्वतःच्याच तेलात भाजली जाते. वरून तेल घालायची फारशी गरज नाही. शिवाय मांसातली प्रथिनं गरम झाली की घट्ट होऊन एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे चकती फुटत नाही. बटाट्यात हे दोन्ही नाही. त्यात चरबी नावालाच, प्रथिनं थोडी, आणि बाकी बहुतेक पाणी आणि पिठूळ भाग. नुसता उकडलेला बटाटा कोरड्या तव्यावर टाकला तर चिकटतो आणि फुटतो. म्हणून त्याला ब्रेडच्या चुऱ्याचं आवरण लागतं आणि ते कुरकुरीत व्हायला तेल लागतं. मोठ्या दुकानांत कारखान्यातून गोठवून आलेली टिक्की थेट तळणीत जाते. म्हणजे अमेरिकेत तव्यावर असलेला बर्गर आपल्याकडे येताना कढईत उतरला. तो शाकाहारी झाला म्हणून आपण तो हलका समजतो, पण तेलाच्या बाबतीत हिशोब उलटाही असू शकतो.

वडापावाचंही तेच. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असं सांगतात. त्यातला बटाटा आधीच शिजलेला असतो. कढईत तळलं जातं ते बेसनाचं आवरण, आतली भाजी फक्त गरम होते.

तळताना नेमकं काय होतं तेही बघू. मुलांना हे फार आवडतं. तेल १७०-१८० अंशांवर असतं आणि पाणी १०० अंशांवर उकळतं. टिक्की तेलात पडली की तिच्यातल्या पाण्याची वाफ होऊन बाहेर पळते. आपल्याला दिसतात ते बुडबुडे म्हणजे ही वाफ. मुलं म्हणतात, "तेल उकळतंय." नाही, तेल उकळत नसतं, टिक्कीतलं पाणी उकळत असतं. वाफ जोरात बाहेर येत असते तोपर्यंत तेलाला आत शिरायला वाट मिळत नाही. बरंचसं तेल शिरतं ते नंतर, टिक्की बाहेर काढून गार होऊ लागली की. आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यावर नीट निथळणं आणि काढल्या काढल्या कागदावर ठेवणं याला अर्थ आहे. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर पदार्थ जास्त वेळ त्यात पडून राहतो आणि तेलकट होतो, हे तर आपल्या आईने न शिकता सांगितलेलं असतं.

आणि तो तपकिरी रंग? साखर आणि प्रथिनं एकत्र तापली की तो येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामी मेयार यांनी १९१२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्याला मेयार अभिक्रिया म्हणतात. पृष्ठभागावरचं पाणी आटल्याशिवाय तो धड येत नाही. उकडलेल्या बटाट्याला खरपूस वास का नसतो त्याचं उत्तर इथे आहे. मात्र बटाटा काळपट होईपर्यंत भाजू किंवा तळू नये. त्यात अॅक्रिलामाइड नावाचा नकोसा पदार्थ वाढतो, हे २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं. सोनेरी झालं की काढायचं.

पालकांसाठी आणखी एक गोष्ट थांबून सांगते. "कसं शिजवलं" हा प्रश्न फक्त तेलाचा नाही. जानेवारी १९९३ मध्ये अमेरिकेत जॅक इन द बॉक्स या साखळीच्या दुकानांतले अर्धवट शिजलेले बर्गर खाऊन सातशेच्या वर माणसं आजारी पडली आणि चार मुलं दगावली. कारण ई. कोलाय नावाचे जिवाणू. मांसाच्या अख्ख्या तुकड्यावर जिवाणू असले तर ते बाहेरच्या बाजूला असतात आणि भाजताना मरतात. खिमा करताना बाहेरचं सगळं आत मिसळतं, म्हणून खिमा मध्यभागापर्यंत शिजायलाच हवा. तिकडे त्यासाठी ७१ अंश सांगतात, कोंबडीसाठी ७४. आपली मुलं गाडीवर चिकन बर्गर खातात तेव्हा वरचा रंग बघून शिजलं असं समजू नका, पॅटी मधून मोडून बघा. आत गुलाबी दिसली तर ती खायचीच नाही. शाकाहारी बर्गरमध्ये धोका दुसरीकडे असतो, म्हणजे न धुतलेल्या कोबीत आणि उन्हात उघड्या राहिलेल्या मेयोनीजमध्ये. तेलंगणा सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभरासाठी बंदी घातली होती, ती लोक आजारी पडले म्हणूनच.

एवढं वाचून झाल्यावर वाटलं, मी बोलून काय उपयोग? मुलांनीच बघू दे. तेव्हा गणितात चौकटी मोजून क्षेत्रफळ काढणं चालू होतं. दोन्ही विषय एकत्र केले.

साहित्य अगदी साधं लागतं. वहीला कव्हर घालायचा खाकी कागद, त्यावर पट्टीने आखलेल्या एक सेंटिमीटरच्या चौकटी, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि चार पदार्थ. उड्डाणपुलाखालच्या एका गाडीवरचा वडा, एका मोठ्या साखळीच्या दुकानातली टिक्की (पावातून काढून), मुलीच्या पप्पांच्या गाडीवरची तव्यावरची टिक्की, आणि त्यांच्याचकडून कच्ची आणून मी घरी कढईत तळलेली टिक्की. प्रत्येकाचा पन्नास ग्रॅमचा तुकडा कापला, कागदावर दहा मिनिटं ठेवला आणि मग डाग जेवढ्या चौकटींत पसरला त्या मोजल्या. अर्ध्याहून जास्त भरलेली चौकट पूर्ण धरायची, अर्ध्याहून कमी असेल तर सोडून द्यायची.

आधी मी मुलांना अंदाज लिहायला लावले. बहुतेकांनी लिहिलं, वडा पहिला येणार. त्या मुलीने काहीच लिहिलं नाही.

पहिला नंबर लागला माझा! मी घरी तळलेल्या टिक्कीचा डाग सगळ्यात मोठा आला. शाळेला उशीर होत होता म्हणून तेल नीट तापायच्या आतच मी टिक्की सोडली होती. मुलांना हे सांगितलं तेव्हा वर्ग खूप वेळ हसत होता. त्यानंतर वडा. मग साखळीच्या दुकानातली टिक्की, आणि तिच्या खालोखाल, थोड्याच चौकटींच्या फरकाने, तव्यावरची. मला वाटलं होतं तव्याची टिक्की फार मागे राहील. तशी नाही राहिली. दुकानात तळणीचं तापमान यंत्राने ठरलेलं असतं, वेळ झाली की घंटी वाजते, टिक्की जाळीत निथळते. त्याचा फायदा दिसत होता. हे मान्य करायला हवं.

हा काही प्रयोगशाळेतला प्रयोग नाही. एका मुलाने बरोबर शंका काढली, "मॅडम, वड्याला बेसनाचं कव्हर आहे, टिक्कीला नाही. मग सारखं कसं धरायचं?" दुसरी म्हणाली, दुकानातली टिक्की येईपर्यंत गार झाली होती. दोघांच्याही शंका फळ्यावर लिहिल्या. ज्या वर्गात अशा शंका येतात त्या वर्गात प्रयोग फसला तरी चालतं.

तव्याच्या बाजूने आणखी एक मुद्दा होता, तो डागात दिसत नाही. तव्यावर चमचाभर तेल प्रत्येक वेळी नवीन घातलं जातं आणि तिथल्या तिथे संपतं. कढईतलं तेल दिवसभर तापत राहतं आणि काही ठिकाणी दुसऱ्या दिवशीही तेच चालतं. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं वाढतात. ती एकूण २५ टक्क्यांच्या वर गेली तर ते तेल वापरायचं नाही, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. आपण यंत्र घेऊन मोजू शकत नाही, पण तेल काळं आणि चिकट झालंय का, फेस येतोय का, धूर लवकर निघतोय का, एवढं मुलांनाही दिसतं. गाडीचा हा फायदा आहे की सगळं आपल्या डोळ्यांसमोर चालतं.

आता जे सांगणार आहे त्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

आकडे फळ्यावर लिहून झाले. तव्याची टिक्की शेवटी आलेली पाहून मी त्या मुलीकडे बघून हसले. मनात म्हटलं, झालं, तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तिने हात वर केला आणि म्हणाली, "मॅडम, पाव पण ठेवा ना."

मी म्हटलं, "पावाला कुठे तेल असतं?"

"पप्पा पाव बटरमध्ये भाजतात. दोन्हीकडून."

तिने स्वतः उठून पावाचा अर्धा भाग कापलेली बाजू खाली करून कागदावर ठेवला. दहा मिनिटांनी उचलला तर डाग कागदाच्या कडेपर्यंत गेला होता, मोजायला चौकटीच उरल्या नव्हत्या. पाव स्पंजासारखा असतो, तव्यावरचं सगळं बटर तो पिऊन घेतो. आम्ही टिक्कीच्या मागे लागलो होतो आणि खरा तेलकट निघाला होता पाव! वर्ग ओरडायला लागला. ती शांतपणे जागेवर जाऊन बसली.

त्या वयात आपल्या वडिलांच्या धंद्याविरुद्ध जाणारी गोष्ट भर वर्गात सांगायला काय लागतं, ते मला सांगता येणार नाही. कुणी विचारलं नव्हतं. ती गप्प बसली असती तर तिची बाजू जिंकलेलीच होती.

मग एक मुलगा म्हणाला, मेयोनीजचं काय? त्याचं रिकामं पाकीट आणलेलंच होतं. पाकिटावर घटक उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. मुलांनी वाचलं, खाद्यतेल. पहिलंच. पांढरं दिसतं म्हणून दुधाचं समजत होतो, असं तीन-चार जण म्हणाले. शिक्षकांनाही सांगते, पाकीट वाचायचा हा एकच नियम मुलांना शिकवला तरी ती दुकानात तुम्हाला अडवायला लागतात.

तास संपायच्या आधी मी आधीचा फळा पुन्हा काढला. 'जंक फूड' हा रकाना पुसला. सांगितलं की मी त्या दिवशी कचरा हा शब्द वापरला, तो चुकीचा होता. कुणाच्या घरी बनवलेल्या अन्नाला कचरा म्हणायचं नाही. मग नवे प्रश्न लिहिले. कशावर शिजवलं? तेल किती, कितव्यांदा? पावाला काय लावलं? आठवड्यातून किती वेळा? शेवटच्या प्रश्नावर मी अडून राहिले. टिक्की तव्यावरची असली तरी मैद्याचा पाव, बटर, मेयोनीज आणि सॉस मिळून जो बर्गर होतो तो रोज डब्यात नको, हे मी तिच्यासमोरच सांगितलं. ती मान हलवत होती. मला बरं वाटलं असं नाही म्हणता येणार, पण खोटं सांगून मिळवलेलं बरं वाटणं मला नको होतं.

त्या अर्जाचं काय झालं तेही सांगायला हवं. शाळेतल्या मुलांच्या आहाराबद्दल अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे विनियम आहेत. मेद, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. नियम चांगला आहे. मुलांच्या हातात सुट्टे पैसे आणि समोर गाडी असली की काय होतं ते आपण रोज बघतो. पण आमच्या मसुद्यात "गाड्या हटवा" एवढंच होतं, अंतराचा उल्लेख नव्हता. मुख्याध्यापकांना विचारून मी तो अर्ज पुन्हा लिहिला आणि ५० मीटर हा आकडा घातला.

मग तिचे पप्पा शाळा सुटल्यावर भेटायला आले. मला वाटलं भांडणार. ते म्हणाले, "मॅडम, नियम आहे तर आहे. फक्त पन्नास मीटर कुठून धरायचे तेवढं सांगा. एकदा हलवायची तर नीट हलवतो."

"दादा, उद्या मोजूनच सांगते," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लांबी मोजण्याचा तास वर्गाबाहेर घेतला. मैदान आखायचा मोठा टेप काढला. मुलांनी आधी पावलांनी अंदाज केला, मग टेपने मोजलं. शून्याचं टोक फाटकाच्या खांबाला त्या मुलीनेच धरलं होतं. गाडीची जागा आली ४३ मीटरवर. सात मीटर कमी. मुलांनी फुटपाथवर खडूने ५० ची रेघ ओढली, आणि तिचे पप्पा रेघेच्या पलीकडे उभे राहून जागा बघत होते. तिथे पुढे विजेचा खांब आहे, सावली नाही. दुपारची गिऱ्हाइकी त्यांना कमी मिळते, कारण आमची मुलंच कमी येतात. साडेतीनला पहिली पाळी सुटते तेव्हा कामगार येतात, त्यावर चालतं. मी जाता-येता विचारत असते. पावाला बटर कमी करून बघितलं का, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "कमी केलं की गिऱ्हाईक म्हणतं, भाऊ, बटर मार ना." पण लहान मूल आलं तर ते आता पाव कोरडाच शेकून देतात, असं मुलीने सांगितलं. तिच्या डब्यात हल्ली बहुतेक वेळा पोळी-भाजी असते, आणि शुक्रवारी टिक्की, पावाशिवाय. ती उघडून खाते.

हा प्रयोग कुणाला वर्गात करायचा असेल तर एक सूचना. पावासाठी कागद दुप्पट मोठा आखा, आमचा पुरला नाही. आणि घरून काही तळून नेणार असाल तर तेल आधी नीट तापू द्या.